लाल पायरी

आमचा शिड्यांचा कारखाना. माणसं अकरा. त्यात मी वयाने सगळ्यात लहान आणि आत्याच्या मते सगळ्यात तिखट. आत्या म्हणजे मालकीणबाई. नववीत सरांनी वर्गासमोर "मी चुकले" म्हणायला लावलं, मी म्हटलं नाही, दप्तर उचलून घरी आले ते आलेच. आत्याने ओरडण्याऐवजी हातात ब्रश दिला. तेव्हापासून प्रत्येक शिडीची सगळ्यात खालची पायरी मी लाल रंगवते. माझं काम एवढंच, पण ते झाल्याशिवाय शिडी दाराबाहेर जात नाही.

यंदा आत्याने ठरवलं, कंपनीला नवं नाव, नवं रूप द्यायचं. त्यासाठी एक डिझायनर बाई आणली आणि आम्हाला सगळ्यांना चार दिवस परदेशात नेलं. घरापासून लांब गेलं की डोकं चालतं म्हणे. विमानात वेल्डरकाका खिडकीचा जोड बोटाने तपासत बसले.

"काका, हात लावू नका, निघून येईल," मी म्हटलं, तर त्यांनी खरंच हात मागे घेतला.

पहिल्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात बाईंनी पडद्यावर नवी शिडी दाखवली. वरपासून खालपर्यंत राखाडी. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू. पण लाल पायरी नाही.

"लाल कुठे गेला?" मी विचारलं.

"काढला. तो कशासाठी होता, कोणी सांगेल?"

आत्या म्हणाली, "आमच्या बाबांपासून आहे."

"एखादा डबा उरला असेल," काका म्हणाले. सगळे हसले.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. तीन वर्षं रंगवतेय, पण का, ते मलाही ठाऊक नव्हतं. "शोभून दिसतो," मी म्हटलं. माझं मलाच ते पुळचट वाटलं.

"पाच महिने खपलेय मी यावर. नुसत्या शोभेसाठी नाही ठेवता येणार."

माझं डोकं फिरलं. त्यांच्या राखाडी रंगाचं कार्ड उचललं आणि टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये बुडवलं. "घ्या, हेही शोभतंय."

आत्याने दंडाला धरून बाहेर काढलं. "राग काय नाकावर ठेवूनच फिरतेस?"

"लाल गेला तर मी काय करू?"

"करशील काहीतरी."

"काय?"

ती मला तिथेच सोडून सभागृहात परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले. हॉटेलचा माणूस शिडीवर चढून छताचे बल्ब बदलत होता आणि आमच्या बाई समोर बसून त्याच्या पायांकडे टक लावून बघत होत्या. मग उठल्या, चपला काढल्या, खाणाखुणा करून त्याच्या हातातलं खोकं घेतलं आणि स्वतः चढल्या. उतरताना शेवटी पाय अधांतरी लोंबला, चाचपला, मग धप्पकन जमिनीवर आला. पुन्हा चढल्या. असं पाच वेळा.

"पडाल," मी म्हटलं.

"ये इकडे. हा माणूस दर वेळी शेवटी थांबतो, पायाने जमीन शोधतो. हातात खोकं असलं की खालचं दिसत नाही."

"सगळेच शोधतात."

"तुमच्याकडे कोणी शोधत नाही." त्यांनी मोबाइल पुढे केला. मागे कारखान्यात येऊन गेल्या तेव्हाचं चित्रण होतं. आमचे हमालदादा छातीशी खोकं धरून आमच्या शिडीवरून उतरले आणि पाय थेट जमिनीवर. थांबणं नाही, चाचपणं नाही. "काल तू गेल्यावर चार वेळा पाहिलं. मला वाटतं, खोक्याच्या कडेने जरासा लाल दिसला तरी पायाला कळतं, की आता जमीन."

मी माझी लाल ओढणी काढून खालच्या पायरीला गुंडाळली. बल्बवाला हसला, खोकं घेऊन चढला, उतरला. पाय सरळ जमिनीवर. वळून त्यानेच शिडीकडे पाहिलं.

सभा सुरू झाली. बाईंनी तीच राखाडी शिडी पडद्यावर लावली आणि म्हणाल्या, "मी चुकले. लाल पायरी राहील. आणि लालशेजारी हा राखाडी मळकट दिसतो, तेव्हा तोही मी पुन्हा शोधणार." झालं. ना सारवासारव, ना आवाज चढवणं. पाच महिन्यांच्या कामावर उभ्या उभ्या काट मारली आणि छत काही कोसळलं नाही. मानलं बाईला. जे शब्द म्हणायचे नाहीत म्हणून मी शाळा सोडली, ते ती पाणी मागावं तसे बोलून गेली.

"म्हणजे उरलेला डबा नव्हता तर," काका पुटपुटले. आत्या डोळे पुसत होती. तिच्या बाबांना माहीत असणार, सांगायचं राहून गेलं.

मी उठून बाईंच्या शेजारी जाऊन बसले. कालचं कार्ड त्यांनी वाळवून ठेवलं होतं, कडा पापडासारख्या वळल्या होत्या.

"काल ते कार्डाचं..." मी त्याची वळलेली कडा बोटाने सरळ केली. "मी चुकले."

"ऐकू नाही आलं," मागून काका.

"काका, तुम्ही विमानाचे जोड बघा."

बाईंनी हसून वही उघडली. "लाल नेमका कोणता? एक हात देतेस की दोन?"

"दोन. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.