सुधारणेचा शुक्रवार

इदालिनाने फळीचं एक टोक विटेवर टेकवलं आणि टोपलीभर बुचं वरून ओतली. दारूच्या बाटल्यांची ती हलकी बुचं टपटप घरंगळली आणि निवड करणाऱ्या बायकांच्या हाताशी येऊन थांबली.

कारखान्यात गुणवत्तेची नवी पद्धत आल्यापासून दर शुक्रवारी बैठक भरे. कामात काय सुधारायचं ते बायकांनी सुचवायचं. व्यवस्थापक आबिलियुसाहेब फळीकडे पाहून खूश झाले.

"म्हणजे टोपल्या उचलून द्यायला माणूसच नको. डोकं कुणाचं हे?"

इदालिनाने मागे पाहिलं. दाराजवळ उभ्या ग्रासावहिनीने हळूच नकारार्थी मान हलवली. टोपल्या उचलून तिचाच खांदा धरला होता आणि फळीही तिलाच सुचली होती. पण चारचौघांत तिला बोलवत नसे. 'तू सांग गं, माझं नाव नको,' ती म्हणाली होती.

"आमचं सगळ्यांचंच," इदालिना म्हणाली. साहेबांनी केक मागवला.

पुढे वहिनीच्या नोकरीचा करार संपला, तो वाढवला गेला नाही. इदालिना तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"सूचनेपायी कुणाची नोकरी जाणार नाही, असं म्हणाला होतात तुम्ही."

"गेली कुठे? करार संपला." साहेब खरोखरच अवघडले होते. "निवडीला बसवलं असतं तिला, पण तिथे जागा नाही. मी तरी काय करू, सांग."

रविवारी भावाकडे जेवण होतं. वहिनीने खारवलेला मासा वाढला, बटाटे वाढले, वरून ऑलिव्ह तेलाची धार सोडली. इदालिना काट्याने बटाटे नुसतेच चिवडत राहिली.

"वहिनी, खांदा कसा आहे?"

"आता एकदम आराम," ग्रासा म्हणाली. "त्यासाठीच तर केलं ना सगळं. जेव, गार होतंय."

पुढच्या बैठकीत बुचांच्या धुळीने बायकांचे डोळे चुरचुरत होते. बुचं घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचं तोंड खिडकीकडे वळवलं तर धूळ परस्पर बाहेर जाईल, हे इदालिनाला केव्हाच उमगलं होतं. शेजारच्या दोघींनाही.

"बोला बायांनो, आज काय सुधारायचं?"

शेजारच्या दोघी जमिनीकडे पाहू लागल्या. साहेबांनी इदालिनाकडे पाहिलं.

"काही नाही, साहेब," डोळे पुसत ती म्हणाली. "सगळं अगदी उत्तम चाललंय."

मागून कुणीतरी टाळ्या वाजवू लागली. मग सगळ्याच. जरा थांबून साहेबही वाजवू लागले.