दाढेखालचा खडा

रुखमाबाईनं निवडलेल्या तांदळात खडा निघाला, असं कोणी म्हटलं असतं तर आमच्या चामोर्शीच्या गल्लीत आधी त्याचेच दात तपासले असते. कोणाकडे लग्न निघालं की तांदळाचं पोतं पहिलं तिच्या ओसरीवर यायचं. मोतीबिंदूनं तिचा हा मान गेला होता. ऑपरेशननंतर तिनं सुनेनं, म्हणजे रंजीतानं, निवडलेलं सूप पुन्हा पुढ्यात घेतलं आणि मूठभर खडे काढून तिच्या हातावर ठेवले. सासू बरी झाल्याचं घराला असं कळलं.

तिला शुगर होती, म्हणून डॉक्टरांनी महिन्यानं डोळ्याचा पडदा तपासायला बोलावलं होतं. पण चांगलं दिसतंय तर तपासायचं काय? शिवाय घरात पथ्य कडक होतं. ते डॉक्टरांचं नव्हे, शेजारच्या गिरजाबाईचं. चावलं की डोळ्याला हिसका बसतो, तिखटानं डोळा पेटतो, म्हणून भाकर बंद, भाजी बंद. तिन्ही त्रिकाळ मऊ भात, दूध आणि वर साखर. शुगरच्या बाईला साखर. रंजीता ते इतक्या मायेनं कालवून द्यायची की तिच्यावर चिडताही येत नाही. मी आपला गिरजाबाईवर चिडून घेतो.

दिवाळीच्या सुमारास रुखमाबाईचे यजमान गुणवंतराव जेवताना थबकले. दाढेखाली खडा आला होता. समोर रुखमाबाई सूप घेऊन बसली होती, मान वाकडी करून तांदूळ कडेनं पाहत. गुणवंतराव ताटावर कुरकुरणारा माणूस. मीठ कमी पडलं तर गल्लीला ऐकू जायचं. हा खडा मात्र त्यांनी गिळला. नंतरचेही गिळले.

उन्हाळ्यात गल्लीतल्या लच्छूच्या मुलीचं लग्न झालं. तांदूळ अर्थात रुखमाबाईनं निवडलेले. व्याह्यांना गप्प बसायचं काही कारण नव्हतं. पंगतीत खडे थुंकले गेले, आणि मग तिनं कबूल केलं की मधोमध धूर दिसतो. मोतीबिंदू परत आला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि तिला चंद्रपूरला नेलं. सोबत गुणवंतराव आणि मी होतो.

"मोतीबिंदू परत येत नसतो," डॉक्टर म्हणाले. "शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक शिरा पाझरताहेत. मधोमध सूज आहे. कधीपासून कमी दिसतं, आजी?"

"आताच. लग्नापासून."

"दिवाळीपासून," गुणवंतराव म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. "तुमाले कसं मालूम?"

"भातात खडे लागत होते."

"मंग सांगतले काऊन नाई?"

"तुले वाईट वाटलं असतं."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं देऊ, शुगर आवरा, सूज उतरेल. नजर किती परत येईल ते सांगता येत नाही. दिवाळीत आला असता तर बरीच वाचली असती.

"मिठासाठी तं गल्ली डोक्यावर घेत होते," रुखमाबाई म्हणाली. "खड्याच्या वक्तीच काऊन चूप राह्यले?"

गुणवंतरावांनी खाली पाहिलं. त्यांचं तोंड नीट दिसावं म्हणून तिनं मान वाकडी केली.