ॲडमिनची रिकामी चौकट

संगणक जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवरचा एकच दिवा विझलेला होता. बाकीचे आपापल्या लयीत हिरवे लुकलुकत होते. विझलेल्या दिव्याची वायर भिंतीतून बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खोलीत जात होती.

"सैल झाली असेल," नेटवर्कवाला म्हणाला.

मला तसं वाटलं नाही. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतले संगणक सकाळपासून एकेक करून एका सामायिक डोमेनवर चढत होते. आजवर प्रत्येक संगणक आपल्या घरचा राजा होता. आता कोणी काय उघडायचं ते एकाच ठिकाणी ठरणार होतं, आणि ठरवणारं माणूस, म्हणजे ॲडमिन, कोण, हा प्रश्न बाबांनी कित्येक दिवस "बघू"वर टांगून ठेवला होता. चाचण्या मी करायचे, अहवाल मी लिहायचे, सही त्यांची. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मला प्रमुखाची जागा देऊ केली होती. उत्तर आज द्यायचं होतं. बाबांना ते ठाऊक होतं.

त्यांच्या खोलीत वायर टेबलावर पडली होती.

"हात लागला असेल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

नेटवर्कवाल्याने वायर लावली, संगणक डोमेनला जोडून पुन्हा सुरू केला. बाबा नव्या खात्यातून आत शिरले. पडदा कोरा. एकही फाइल नाही.

"गेलं सगळं!" बाबा ताडकन उठले. "डायलिसिसच्या पाण्याचा अहवाल होता त्यात. हॉस्पिटलवाले वाट बघतायत!"

"काही गेलेलं नाही, काका. जुन्या खात्याच्या फोल्डरमध्ये आहे. नव्या खात्याला तिथे जायची परवानगी नाही, एवढंच. ती ॲडमिन देईल."

"मग दे ना."

"मी बाहेरचा. बाहेरच्याने अहवालांना हात लावायचा नाही, ही अट तुमचीच." त्याने पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली. "तुमच्यातलं एक नाव सांगा."

"माझं टाका," दारातून माझा नवरा म्हणाला. "एकुलता एक मुलगा आहे मी, विचारायचं काय त्यात?"

"प्रिंटरमधला कागद संपला की हिला हाक मारतोस तू," बाबा म्हणाले.

"पण हाक खणखणीत मारतो की नाही?" तो हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

फोन वाजला. हॉस्पिटल. नवऱ्याने उचलला, "हो, हो, एक मिनिट" म्हणत त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "अगं, एंडोटॉक्सिन किती विचारतायत. किती सांगू?"

"काहीच सांगू नकोस. अहवाल समोर नसताना जंतूंच्या विषाचा आकडा सांगायचा नाही."

"अंदाजे तरी? पेशंट ताटकळलेत म्हणे."

"म्हणूनच नाही."

माझा आवाज चढला होता. बाबांसमोर तो कधी चढला नव्हता. नवऱ्याचा हात फोनवर तसाच राहिला. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे. कर्सर उघडझाप करत होता.

"बाबा," मी म्हणाले, "मलाही आज त्या दुसऱ्या प्रयोगशाळेला उत्तर द्यायचंय."

ते सावकाश खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सूनबाईचं नाव घाल," ते नेटवर्कवाल्याला म्हणाले. "आणि अहवालावर सहीसुद्धा तिचीच. आजपासून प्रयोगशाळा ती बघेल."