पाठीवरचे चिमटे

माझ्या धाकट्या बहिणीचा खून मी पहिल्या अंकाच्या पहिल्याच पानावर केला, आणि करताना मला फार बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. चित्रातल्या मॉडेलला नाव दुसरं होतं, केसही आखूड केले होते. पण नाक, मान आणि एका पायावर भार टाकून उभं राहायची ती ऐट धाकटीचीच.

धाकटी मॉडेल आहे. कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये कधी स्वेटर घालून हसते, कधी रेनकोट घालून. मी चित्रं काढते. इतकी वर्षं शाळेच्या पुस्तकांत बेडकाचं पोट उघडून दाखवलं, ज्वालामुखी मधोमध कापून दाखवले, पण एकाही पानावर माझं नाव आलं नाही. आई ओळख करून देताना म्हणते, ही माझी मॉडेल मुलगी, आणि ही मोठी, हिचा हात चांगला आहे. हात! बाकीची मी जणू घरीच राहिलेली असते.

म्हणून एका मासिकाच्या संपादकांनी फॅशनच्या दुनियेतली खुनाची चित्रकथा मागितली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तीन अंकांत संपणार, मग तिचं पुस्तक निघणार. कथा माझी, चित्रं माझी, मुखपृष्ठावर नाव एकटीचं. त्या नावासाठी मी काहीही करायला तयार होते.

प्रसंग असा रंगवला होता: फोटो स्टुडिओ, दोन फोटोंच्या मधली वेळ. हिरव्या पोशाखातली नावाजलेली मॉडेल पालथी पडली आहे, गळ्याभोवती शिंप्याची टेप आवळलेली. संशय फोटोग्राफरवर, डिझायनरवर, दुसऱ्या एका मॉडेलवर आणि ड्रेसरवर, म्हणजे मॉडेलला कपडे चढवणाऱ्या बाईवर. सगळं झकास होतं. फक्त खुनी कोण, ते मी ठरवलंच नव्हतं. वाटलं, काढता काढता सुचेल. दुसरा अंक छापून आला तरी काही म्हणजे काही सुचेना. शिवाय त्या मेलेल्या बाईनं माझी पाठ सोडली नाही. ज्याच्या-त्याच्या जबाबात तिचीच आठवण, आणि आठवण आली की तिला पुन्हा काढा. मेल्यावरसुद्धा हिलाच भाव.

तिसऱ्या अंकासाठी संपादकांनी मला बोलावलं. धाकटीचं शूटिंग जवळच होतं, म्हणून तीही तिथे टपकली. मला आजवर कधी बस न म्हणणाऱ्या संपादकांनी स्वतःच्या रुमालानं तिच्यासाठी खुर्ची पुसली. मी उभीच. माझं डोकं तिथेच तापलं.

तिनं पहिला अंक चाळला आणि हसायला लागली.

"ताई, हिच्या पाठीवरचे चिमटे कुठे गेले?"

कसले चिमटे, मी विचारलं. मग तिनं समजावलं. फोटोसाठी येणारे नमुन्याचे कपडे एकाच मापाचे असतात, ते धड कुणालाच बसत नाहीत. म्हणून ड्रेसर मागून चिमटे लावून कापड आवळते. समोरून राणी, मागून वाळत घातलेलं धुणं. माझ्या पानावर वरच्या, फोटो काढतानाच्या चित्रात तो पोशाख समोरून अगदी चापूनचोपून बसला होता. खालच्या चित्रात, पालथ्या प्रेतावर, तोच ढगळ होऊन त्याला चुण्याच चुण्या पडलेल्या. चुण्या मला छान जमतात, त्या लोकांना दिसाव्यात म्हणून मी हौसेनं काढल्या होत्या. चिमटा एकही नव्हता.

छापून गेलेलं खोडता येत नाही. चित्रात एवढं कोण बघतं, असं मी म्हणणार तोच धाकटी बोलली.

"म्हणजे नंतर कुणीतरी काढलेत. ड्रेसरनंच. दुसऱ्या अंकात ती म्हणते ना, फोटोनंतर मी आत गेलेच नाही म्हणून? खोटं बोलतेय. तिचे हात थांबतच नाहीत गं. काम झालं की चिमटे काढायचे, पिशवीत टाकायचे. मेलेलीचेसुद्धा काढेल ती."

माझ्या चुकीतून तिनं खुनी शोधून दिला होता, तोही उभ्या उभ्या नव्हे, पुसलेल्या खुर्चीत बसून. संपादक तर हवेतच गेले. कथा हिच्या नावावर घालू, म्हणाले, हिचं नाव तुमच्या वर घालू, पुस्तक हातोहात खपेल. मुखपृष्ठावरची अक्षरं मीच हातानं काढते, तेव्हा तेवढं बघा, असं मलाच सांगितलं. धाकटी "चालेल की" म्हणाली, चहा विचारल्यावर म्हणावं तसं. संध्याकाळी आईचा फोन: तिच्या नावानं तुझंही भलं होईल गं. माझा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचं पान काढायला बसले. ड्रेसर गुन्हा कबूल करते, ते पान. तिनं का मारलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर मागे गुडघ्यावर बसून दुसरीला पुढून सुंदर करायचं, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या त्या पुढच्या बाजूला. चेहऱ्यावरचे भाव आम्ही चित्रकार स्वतःच्याच तोंडावरून काढतो. मी आरसा समोर ठेवला, तो रुमाल आठवला आणि पेन्सिल चालवली. एका दमात उतरलं. इतका जिवंत चेहरा मी याआधी कधी काढला नव्हता.

तेवढ्यात धाकटी आली, "आमचं" शेवटचं पान बघायला. माझ्या मागे उभी राहून बघू लागली. मी पान झाकलं नाही. बघू दे, म्हटलं, एकदाचं.

"ही तू आहेस," ती म्हणाली.

"हो. आणि खाली पडलेली तू."

"ते मला पहिल्या अंकातच कळलं होतं." तिनं स्टूल ओढलं. "पण डोळे चुकलेत. बारीक काढलेस. माझ्याकडे बघताना तुझे मोठे होतात. लहानपणापासून."

 इतकी वर्षं मला वाटायचं, मी चोरून बघते. लोकांनी बघावं यावरच जिचं पोट चालतं, तिला कोण कसं बघतंय ते कळणार नाही? फार लाज वाटली. आणि इतकं होऊन, खरं सांगते, मी जळतच होते.

तिनं आरसा बाजूला सारला आणि त्या जागी स्वतः बसली. बघ माझ्याकडे, म्हणाली. मी बघितलं. मी डोळे खोडून पुन्हा काढत गेले आणि ती सांगत गेली, अजून मोठे, अजून थोडे, हां, आता तू. पान पूर्ण झालं तेव्हा दोघींचा चहा थंडगार झाला होता.

मग मी मुखपृष्ठ घेतलं. आधी माझं नाव लिहिलं. त्याच्या खाली तिचं लिहिलं, कुणी न सांगता, अगदी माझ्याएवढ्याच अक्षरांत.

"माझं जरा मोठं कर ना," ती म्हणाली.

मी नाही केलं.