आरतीचा एंजल आणि जानकूदादाचे झिंगे

मंचरच्या एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. १९९६ साली मी पुण्याहून अडीच फुटांची काचेची टाकी आणली. फोटोला आणलेली लहान पोरं स्टुलावर बसवली की भोकाड पसरायची. समोर मासे फिरताना दिसले की गप्प बसतील, एवढाच विचार होता.

दुकानदाराने दिसायला छान ते सगळं दिलं. दोन गोल्डफिश, अंगावर काळे पट्टे असलेले सहा टायगर बार्ब आणि एक लांब पंखांचा एंजल. खाली वाळू आणि वाळूत लावायला हिरवी रोपं. ‘सगळं एकत्र राहतं साहेब,’ म्हणाला.

पंधरा दिवसांत गोल्डफिशनी रोपं उपटून टाकली. बार्ब एंजलच्या मागे लागले आणि त्याच्या पंखांच्या झालरी कुरतडून त्यांनी चिंध्या केल्या. लाइट गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग गोल्डफिश वर येऊन आ वासत राहायचे. माझी बायको आरती काउंटर सांभाळायची. एंजलवर तिचा फार जीव.

“अहो, ह्याच्याकडे बघवत नाही,” ती म्हणाली. “जीव आणलेत की शोभेची फुलं?”

त्याच सुमारास जानकूदादा आला. वर डोंगराकडचा, भातखाचरं आणि नाचणी करणारा, चाळिशीतला माणूस. डिंभ्याच्या धरणात त्याचं गाव जाणार होतं आणि कागदपत्रांना फोटो हवा होता. फोटो दोन मिनिटांत काढून झाला, पण तो टाकीसमोर उकिडवा बसला तो उठेचना.

“भाऊ, ह्यांना एका जागी कुणी घातलं?”

“दुकानदारानं दिलेत दादा. का?”

“भांडनं लावून दिलीत त्यानं.” त्याने काचेवर बोट ठेवलं. “मासा घेताना रंग नाय बघायचा. तोंड बघायचं. वर वळलेलं आसंल तर त्यो पान्याच्या वर खातो. खाली वळलेलं आसंल तर तळाला. आन तोंडात जे मावंल ते त्यो खानारच, त्यात त्याचा दोष न्हाई. ह्यो सोनेरी जाडा तर नुसतं गवतच उपटनार.”

मी नोकरी करणारा असतो तर हसून सोडून दिलं असतं. पण दिवसभर टाकीसमोर मीच बसायचो, आणि तो सांगत होता ते रोज डोळ्यांनी बघत होतो. पुढच्या पुण्याच्या फेरीत गोल्डफिश आणि बार्ब दुकानदाराला परत केले. एंजल आरतीने ठेवून घेतला.

चार दिवसांनी फोटो न्यायला जानकूदादा आला तेव्हा हातात दुधाची किटली होती. आत त्याच्या गावच्या ओढ्यातलं लांब पात्यांचं पाणगवत, बोटाच्या पेराएवढी चंदेरी मासळी दहा-बारा आणि काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे, म्हणजे ओढ्यातली बारीक कोळंबी. दोन एसट्या बदलून त्याने ते आणले होते, आणि वाटेत दर थांब्याला किटलीचं झाकण उघडून वारा दिला होता.

“ही मासळी एकटीदुकटी नाय ठेवायची, कळपात ऱ्हाती. गवत दाट लावा, त्येच पान्याला हवा देतं, मंग लाइट गेली तरी घोर नाय. आन नळाचं पानी तसंच वतू नका. दोन दिस बादलीत ऱ्हाऊ द्या, पावडरीचा वास जाऊ द्या.”

आम्ही सगळं तसंच केलं. महिन्याभरात गवताने मूळ धरलं. चंदेरी कळप टाकीच्या मधल्या भागात एकदम वळायचा तेव्हा स्टुलावरची पोरं आपोआप तिकडे बघायची आणि मी बटण दाबायचो. फक्त झिंगे दिसेनासे होत चालले. आधी वाटलं, गवतात लपले असतील. मग एके दुपारी आरतीच्याच डोळ्यांदेखत एंजलने एक झिंगा उचलला. त्याचे पंख तोवर पुन्हा भरून आले होते आणि तो तळहाताएवढा झाला होता.

पुढच्या वेळी जानकूदादा आला तेव्हा आरतीने त्याला विचारलं, “दादा, ह्याला दुसरं पोटभर घातलं तर?”

“वैनी, झिंगा कात टाकतो तवा दोन दिस मऊ आसतो. पळता येत न्हाई त्याला. पोट भरलेलं आसलं तरी ह्यो तवाच गाठनार.” मग म्हणाला, “दोनीतलं एक ठिवा. एंजल ठिवला तरी माजं काय म्हननं न्हाई.”

तिसऱ्या दिवशी आरतीने स्टीलचा मोठा डबा घासून पुसून ठेवला. आळेफाट्याला सावळेराम म्हणून माझ्या ओळखीचे हॉटेलवाले होते. त्यांच्याकडे मोठी टाकी होती आणि तिच्यात एंजलच होते. एसटीत आरती डबा मांडीवर धरून बसली. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा तिने झाकण उघडून वारा दिला. एंजल नव्या टाकीत सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आम्ही चहा घेतला. निघताना ती सावळेरामांना एवढंच म्हणाली, “त्याला अळ्या आवडतात, पण सुक्या. ओल्या नको.”

जानकूदादाने दिवाळीनंतर पुन्हा झिंगे आणून दिले. ते जगले, वाढले. पुढच्या वर्षी माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसू लागली, मग पिल्लं गवतावर. त्यानंतर धरणाचं पाणी चढत गेलं, ओढा बुडाला, त्याचं घर वरच्या टेकाडावर गेलं. त्याचं येणं कमी झालं.

२००५ साली तो मुलीला घेऊन आला. इंद्रायणी बारावीला होती, फॉर्मसाठी फोटो हवा होता. ती काचेला नाक लावून बसली.

“बाबा, हे कुठले?”

“आपल्या वढ्यातले.”

ओढा तिला नीट आठवत नव्हता. तो बुडाला तेव्हा ती लहान होती आणि दूर आश्रमशाळेत राहायची. मग जानकूदादा तिला सांगत बसला, झिंगे कुठल्या दगडाखाली सापडायचे, आजी कपडे कुठे धुवायची, उन्हाळ्यात पाणी कुठल्या डोहात टिकायचं. त्या नादात त्यांची एसटी गेली. आरतीने दोघांना जेवायला थांबवलं.

“थोडे घेऊन जा की दादा,” ती म्हणाली.

“कुठं सोडू वैनी? धरनात ती भायेरची चिलापी मासळी झालीया. एक झिंगा ठेवायची न्हाई, समदे खाईल.” तो टायरच्या ट्यूबवर बसून आता तीच चिलापी धरायचा आणि बाजारात विकायचा. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही.

नंतर मोबाइलमध्ये कॅमेरे आले आणि २००८ ला मी स्टुडिओ बंद केला. टाकी घरी आणली. जानकूदादा त्याच पावसाळ्यात काविळीने गेला. आम्हाला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

पुढच्या वर्षी जुन्नरहून इंद्रायणीचा फोन आला. ती तिथे नर्स झाली होती. दवाखान्यात बाहेर बसणाऱ्यांसाठी छोटी टाकी ठेवायची होती आणि कुठले मासे एकत्र घालू, असं ती विचारत होती. मी फोन आरतीला दिला. आरतीने ओला हात पदराला पुसला आणि विचारलं, “आधी सांग, टाकी केवढी आहे? ऊन कुठून येतं?”

अर्धा तास त्या बोलत होत्या. पुढच्या रविवारी किटलीत पाणगवत आणि झिंगे घेऊन आम्ही जुन्नरला निघालो.