आई कुठल्या प्रकरणात जाते

लेखकरावांची कादंबरी भिंतीवर पूर्ण झाली होती, कागदावर यायची तेवढी राहिली होती. 'लेखकराव' हे बायकोनं ठेवलेलं नाव. पोटापाण्यासाठी गडी घरांचे नकाशे काढायचा. नकाशा पक्का झाल्याशिवाय वीट लावायची नाही, हे हाडीमाशी भिनलेलं. मग पहिल्यावहिल्या कादंबरीचाही नकाशाच! एकेका प्रसंगाची एकेक चिठ्ठी, टाचणीनं भिंतीवर टोचलेली. कोण कुठल्या खोलीत झोपतं, जिना कुठून चढतो, सगळं ठरलेलं. आणि लिहिलं किती? एक ओळ नाही.

"अहो, राहायला कधी जायचं मग?" बायको जाता-येता चिमटा काढायची.

तो हसून वेळ मारून न्यायचा. घोडं अडलं होतं एकाच चिठ्ठीपाशी. तिच्यावर लिहिलं होतं, 'आई जाते.' कथेतली आई, बरं का! पण ती अगदी घरातल्या आईसारखी चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधायची. आणि घरातल्या आईच्या तपासण्या नुकत्याच झाल्या होत्या, रिपोर्ट उद्या मिळणार होता. आपण लिहू आणि तसंच होऊन बसेल, या भीतीनं त्याला पुरतं धरलं होतं. शिकलासवरलेला माणूस, पण भीतीला त्याचं काय! चौथ्या प्रकरणातली आई त्यानं नवव्यात ढकलली, नवव्यातली बाराव्यात. त्या नादात दहाव्यात बहीण आईच्या साड्या वाटत बसली होती आणि आई अजून ठणठणीत. की पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या उपटा, पुन्हा टोचा.

त्या दुपारी तो आंघोळ करून आला, तर आई भिंतीपुढे उभी.

"हे कोण जातंय रे?"

"कथेतलं आहे गं कुणीतरी."

"चष्मा कपाळावर ठेवून शोधते, असंही लिहिलंयस शेजारी."

तो टॉवेलनं पुसलेलं डोकं पुन्हा पुसू लागला.

"आणि बाराव्यात का?"

"आधी चौथ्यात होतीस. पण हात होईना, आई. भीती वाटते."

"कशाची?"

"उद्याची."

आई खुर्चीत बसली.

"मलाही वाटते," ती म्हणाली. मग एकदम उखडली, "पण अरे शहाण्या, तुझ्या या वेगानं बारावं प्रकरण कधी उजाडायचं? तोवर मी काय दारात ताटकळत बसू? मला वाचायचंय, तू मला कसं घालवलंस ते! रडलास का, सुनेनं काय केलं, साड्या कुणाला गेल्या. आणि तू मला नेऊन बसवलंस पार टोकाला."

"आई, असं काय बोलतेस गं!"

"पहिल्याच पानावर घे मला. लिही. मी बसलेय इथं."

तो टेबलाशी बसला. डोळे भरून आले होते. तरी त्यानं एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. आईनं कागद ओढून घेतला आणि ओठ हलवत वाचला. 'आई गेली त्या सकाळी घरात सगळे जण हळू बोलत होते.'

तिनं कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

"मग?" ती म्हणाली. "पुढं काय झालं?"