काठाचे पडदे

मितेशला कंपनीत रातपाळी लागली, तेव्हापासून रोह्याच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत पूर्वेकडच्या खिडकीचा विषय निघाला नाही असा दिवस जात नसे. सकाळी कामावरून येऊन तो आडवा झाला, की नेमकं ऊन आत शिरायचं आणि थेट त्याच्या तोंडावर पडायचं. त्याच्या बायकोनं, ऋतुजानं, काचेला वर्तमानपत्रं चिकटवून पाहिली. ती पिवळी पडली आणि एकेक करून सुटली. मग तो डोळ्यांवर टॉवेल टाकून पडून राहायचा आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परत कामाला जायचा.

पडद्यांचं त्याच्या आईनं, चंद्रावतीनं, खोली घेतली तेव्हाच कबूल केलं होतं. विकत काही आणू नका, मी शिवून देते, असं ती सांगून बसली होती. त्यात कुणाला शंका घेण्यासारखं काही नव्हतं. नवरा जगन मिठागरावर जायचा त्या काळापासून ती पेणजवळच्या गडब गावात शिवणकाम करत होती. गावातल्या निम्म्या पोरींचे परकर आणि शाळेचे गणवेश तिच्याच मशीनवरून गेले होते.

पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा डोळा नीट झाला, डावा नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या सगुणाचा ब्लाउज शिवला तेव्हा तिचं तिलाच कळलं. एक बाही पुढे, एक मागे. सगुणानं गुपचूप पेणला जाऊन तो उसवून परत शिवून आणला. तेव्हापासून चंद्रावतीनं मशीनवर चादर टाकून ठेवली होती, आणि मितेशचा फोन आला की आज भातकापणी, उद्या पाहुणे, असं काही ना काही सांगून ती वेळ मारून नेत होती.

शेवटी जगनच म्हणाला, की पोराची झोप होत नाही आणि तू इथं बसून काय करतेस. मग तिनं आपल्या तीन सुती साड्या पिशवीत भरल्या, वापरून मऊ झालेल्या, एक तपकिरी आणि दोन गडद मरून, आणि एसटीत बसली. मशीन बिघडलंय, असं सांगायचं तिनं वाटेतच ठरवलं. रोह्यात कुठल्या तरी शिंप्याकडे शिवायला टाकू, म्हणजे झालं.

खोलीत पाय ठेवला तर खिडकीखाली शिलाई मशीन मांडलेलं. खालच्या मजल्यावरच्या शीतलचं, ऋतुजानं मोठ्या हौसेनं मागून आणलेलं. मशीन बिघडल्याचं आता चंद्रावतीला सांगता येईना. संध्याकाळी चहा पिऊन मितेश कामावर गेला. जाताना आईला म्हणाला, आता तू आलीस, आता झोप मिळणार. त्यानं तिला आणखीच अवघडल्यासारखं झालं.

तो गेल्यावर ती मशीनवर बसली. सुई ओवायला तिनं दोरा पुढे नेला, तो नेढ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. ऋतुजानं दोरा ओवून दिला. चंद्रावतीनं पायडल हलवलं, साडीचं टोक सुईखाली सरकवलं. शिवण वीतभर सरळ गेली आणि मग शेताच्या बांधासारखी वाकडी होत गेली. तिनं पाय थांबवला.

"मला दिसत नाय गो ऋतुजा," ती म्हणाली. "कवापासूनच दिसत नाय."

ऋतुजा तिच्याजवळ खाली बसली. मग ऋतुजानं विचारलं, डॉक्टरला परत दाखवलं का. नाही म्हटल्यावर म्हणाली, उद्या-परवा दाखवू, तुम्ही आता इथं आलाच आहात. आणि मशीनवरून साडी ओढून घेत तिनं वाकडी शिवण नखानं उसवायला घेतली.

"आई, आमच्या पेणच्या कारखान्यात एवढाल्या गणपतीला धोतर नेसवतात, शेला घालतात. कोन शिवतो?"

लग्नाआधी ती गणपतीच्या कारखान्यात हेच काम करायची. बोटांनी चुण्या पाडायच्या, फेविकॉलनं चिकटवायच्या. चंद्रावतीला हे माहीत होतं, पण पडद्याशी त्याचा काही संबंध असेल असं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिच्या लेखी जे शिवलेलं नाही ते निसटणारच.

त्याच रात्री ऋतुजानं तपकिरी साडीचा एक तुकडा कापून, कडेला दुमडून फेविकॉलनं चिकटवला आणि वर पाटा ठेवला. सकाळी बघतात तर ती पट्टी पापडासारखी कडक झालेली, आणि गोंद कापडातून बाहेर येऊन डाग पडलेला. चंद्रावतीनं ती हातात धरून वाकवली, तशी ती कडकन वाजली. दोघींना हसू आवरेना. आत मितेश टॉवेलाखाली नुकता पडला होता, म्हणून तोंडाला पदर लावून हसत त्या गॅलरीत गेल्या. गणपतीचं धोतर कधी धुवावं लागत नाही, हे आपल्या लक्षातच आलं नाही, असं ऋतुजा म्हणाली.

गॅलरीत बसून चंद्रावती मरून साडी मांडीवर घेऊन चाचपत होती. बोटं काठावरून जाता जाता थांबली. काठ विणलेलाच असतो. त्याला शिवायचं काय? साडी आडवी लावली तर खालीही काठ, वरही काठ. पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, खिडकीच्या उंचीपेक्षा थोडा मोठाच. तिनं ऋतुजाला खिडकी वितीनं मोजायला लावली आणि तसंच निघालं.

मग काम भराभर झालं. कात्रीनं काठाला नुसती खाच दिली आणि चंद्रावतीनं दोन्ही हातांनी साडी टर्रकन फाडली. कात्री जाते त्याहून सरळ, धाग्याच्या रेषेत. ते तिला बघायची गरज नव्हती, हाताला कळत होतं. दोन्ही मरून साड्यांचे असे तुकडे पाडून ते दुहेरी धरले, म्हणजे ऊन अडेल. ऋतुजा बाजारात जाऊन चिमट्याच्या कड्या घेऊन आली, आणि पडद्याच्या दांडीसाठी वायरमन वापरतात तसला प्लॅस्टिकचा पाइप. आधीच्या भाडेकरूचे हूक भिंतीत होतेच. कडांना धागे सुटत होते, तर चंद्रावतीनं ते आणखी थोडे ओढून काढले आणि पदराला बांधतात तसे गोंडे बांधत गेली. डोळे समोरच्या रस्त्यावर, बोटं आपली चालू. बोलता बोलता तिनं सगुणाच्या ब्लाउजची गोष्टही सांगून टाकली. ऋतुजा म्हणाली, सगुणाबाई चांगल्या आहेत. चंद्रावती म्हणाली, व्हय, तेच जड जातं.

मितेशला जाग आली तेव्हा त्या खिडकीवरच्या हुकांवर पाइप चढवत होत्या. चुण्या ऋतुजानं पाडल्या, चारचार बोटांच्या, एकीसारखी दुसरी, आणि प्रत्येक चुणीला चिमटा. पडदा ओढला तशी खोलीत मऊ तांबूस सावली पडली. मितेश बघत राहिला. आईनं त्याला डोळ्याचं सांगितलं, तेही आताच, पडद्यासमोर उभं राहून. तो रागावला, आधी का सांगितलं नाहीस म्हणून. मग पडद्याचा काठ हातात घेऊन म्हणाला, ही तर तू माझ्या साखरपुड्याला नेसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून येऊन तो झोपला, तो दुपारी जेवायच्या वेळेलाही उठेना. ऋतुजानं दोनदा दार ढकलून पाहिलं. चंद्रावती म्हणाली, नको उठवू. दोघींनी गॅलरीत बसूनच भाकरी आणि सुकट खाल्ली.

मशीन परत न्यायला शीतल वर आली तेव्हा तिनं दारातूनच पडदे पाहिले. आपल्याकडेही एक जुनी साडी आहे, म्हणाली, हिरवी, नुसती पडून आहे. चंद्रावतीनं तिला हळू बोलायची खूण केली आणि साडी घेऊन यायला सांगितलं.